सरसकट सरदारकी

हाल्मरलँडच्या राज्यात सरदारांना बर्फ उपसण्याची माफी होती. बाकीच्यांनी आपल्या दारासमोरचा रस्ता मोकळा करायचा, शेजारी सरदार असेल तर त्याच्याही दारासमोरचा, असा जुना कायदा होता. गेल्या हिवाळ्यात एका सरदाराच्या फाटकापुढे फावडं मारताना एक म्हातारा पोस्टमन कोसळला आणि जागीच गेला. लोक खवळले, आणि सुधारणावादी सरकार निवडून आलं.

न्यायमंत्री आस्लाक ब्रून मासे खारवणाऱ्याच्या घरचे. सरदारकी रद्द करण्याचं विधेयक त्यांनी स्वतः लिहिलं. अडचण एवढीच, की सरकार अल्पमतातलं होतं. दोन मतं कमी पडत होती, आणि ती मच्छीमार पक्षाच्या गुदमुंड रास्क यांच्या खिशात होती.

"तत्त्वतः पाठिंबा आहेच," रास्क कॉफी ढवळत म्हणाले. "पण ब्रूनसाहेब, त्याग करायला आधी हातात काहीतरी लागतं. मला सरदार करा. मग भर सभागृहात ती सरदारकी फेकून देतो, बघा."

"आणि तुमचे दुसरे सदस्य?"

"ते माझे मेहुणे. त्यांनी काय घोडं मारलंय?"

पंतप्रधान सिग्ने तोर्व म्हणाल्या, "दोनच तर आहेत. होऊ द्या." राजे ओत्तार घटनेनुसार समोर येईल त्यावर सही करत. सही करता करता ते पुटपुटले, "मला वाटलं, तुम्ही सरदार कमी करणार होतात."

"त्याचीच पूर्वतयारी, महाराज," आस्लाक म्हणाले. त्यांचे कान तापले.

बातमी फुटली आणि विरोधी पक्ष समतेच्या नावानं उभा राहिला. त्यागाची संधी दोघांनाच का? सगळ्या सदस्यांना सरदारकी देऊ करण्यात आली. मग शिक्षक रस्त्यावर आले, मग परिचारिका, मग न्हावी. न्यायालयानं निकाल दिला, की त्याग करण्याचा हक्क मूलभूत आहे. सबब त्यागायोग्य वस्तू पुरवणं शासनाचं कर्तव्य ठरतं. 'सार्वत्रिक सरदारकी (तात्पुरती) अधिनियम' एकमतानं मंजूर झाला. इतकं मोठं बहुमत आयुष्यात प्रथमच पाहून तोर्वबाईंनी डोळे टिपले.

एकट्या आस्लाकनी सरदारकी नाकारली. त्यांच्या पत्नीनं, रूनाबाईंनी, घेतली. "तुमची तत्त्वं तुम्हाला लखलाभ," त्या म्हणाल्या. "कंबर माझी आहे."

मग मूळ विधेयक मताला आलं. बाजूनं एक मत पडलं, ते आस्लाकचं.

"फेकणारच होतो हो," रास्क बाहेर पडताना म्हणाले, "पण सासूबाईंना फार आवडलीय."

आठवड्याभरात बर्फ पडला. राजधानीत सर्वसामान्य नागरिक एकच उरला होता, आणि कायदा अजून जिवंत होता. आस्लाकनी आपलं दार मोकळं केलं, मग डावीकडच्या सरदारांचं, मग उजवीकडच्यांचं. तिथून गल्ली संपेना. हात बधिर झाले, छातीत कळ आली, तेव्हा ते फावड्यावर रेलून उभे राहिले.

वरची खिडकी उघडली. शिक्षिका हेदविग नूस्ट बाहेर वाकल्या. निवडणुकीत आस्लाकची पत्रकं घरोघर वाटली होती ती त्यांनीच.

"बाई गं, या वयात?" त्या कळवळून म्हणाल्या. "तुमच्यासारख्या साध्या माणसांसाठी सरकारनं काहीतरी करायला हवं हो. निवडणूक आली की सांगा, मी पुन्हा पत्रकं वाटीन."

आणि थंडी आत येते म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.