श्रीमती ‘क’ची चाचणी

टप्पे सरांनी बारा माणसांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या होत्या आणि ढापण्याने एकही घेतली नव्हती. मुदत संपायला एक दिवस उरला होता. मागचे तीन आठवडे त्याने सादरीकरणाच्या पहिल्या पानासाठी निळा रंग निवडण्यात घालवले होते, आणि तोही अजून पक्का झाला नव्हता.

ढापण्या विद्यापीठात यूएक्स डिझाइन शिकत होता. म्हणजे काय, असं घरात कोणी विचारलं की तो सांगे, "ॲप असं बनवायचं, की वापरणाऱ्याने आपल्याला शिव्या घालू नयेत." सरांना ही व्याख्या मुळीच मान्य नव्हती. त्यांच्या मते हे शास्त्र होतं आणि त्याला सात टप्पे होते. आधी माणसं निवडायची, मग त्यांच्याशी बोलायचं, मग त्या सगळ्यांचा अर्क काढून एक नमुनेदार माणूस कागदावर उभा करायचा. या कागदी माणसाला ‘पर्सोना’ म्हणत. पुढचे सगळे टप्पे त्याच्या सुखासाठी. सर चहासुद्धा टप्प्याटप्प्याने पीत, म्हणून तर मुलांनी त्यांचं ‘टप्पे सर’ असं बारसं केलं होतं. यंदा अख्खा वर्ग सरांच्या देखरेखीखाली दवाखान्याची वेळ घ्यायचं ॲप बनवत होता, आणि म्हाताऱ्या माणसांचा पर्सोना ढापण्याच्या वाट्याला आला होता.

ढापण्याने पहिले दोन टप्पे गाळले आणि थेट तिसऱ्यावर उडी मारली. खोटं बोलायचं तर चांगलं दणदणीत बोलावं, या विचाराने त्याने श्रीमती ‘क’ जन्माला घातली. वय अडुसष्ट. एकटी राहते. हात थरथरतात. फोन वाजला की दचकते. कागदाच्या खाली मोठ्या अक्षरात तिचे उद्गार: "बटण दाबलं आणि काही उडालं तर?"

सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "बघा," ते वर्गाला म्हणाले, "याला म्हणतात कान देऊन ऐकणं. बारा मुलाखतींशिवाय असं वाक्य सापडत नाही."

श्रीमती ‘क’ विभागाच्या भिंतीवर लागली. आठवडाभरात तिचा शब्द म्हणजे कायदा झाला. कोणी बटण हिरवं करावं, तर दुसरा म्हणे, "श्रीमती ‘क’ला झेपायचं नाही." कोणी म्हणालं, एका पानावर दोन प्रश्न ठेवू, तर एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तिचा तरी विचार करा रे!" शेवटी ॲपमध्ये दर बटणानंतर ‘घाबरू नका’ अशी पाटी आली. ढापण्या हे सगळं बघत बाकावर आणखी खाली सरकत होता.

सहावा टप्पा चाचणीचा. बाहेरून परीक्षक बाई येणार होत्या. सरांनी ढापण्याच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या बारा जणांपैकी एकीला घेऊन ये. श्रीमती ‘क’शी सर्वांत जास्त जुळणारी. बाईंसमोर चाचणी होऊन जाऊ दे!"

ढापण्या तसाच उठला आणि आत्याकडे गेला.

आत्या अडुसष्ट वर्षांची होती आणि एकटी राहत होती. श्रीमती ‘क’शी तिचं साम्य इथेच संपत होतं. तिने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. पाचशे पानांच्या पुस्तकातला एक चुकलेला अनुस्वार तिला उंबरठ्यावरून दिसे. तिने श्रीमती ‘क’चा कागद हातात घेतला आणि सवयीने लाल पेन उघडलं.

"‘विस्मरणशील’? हा शब्द कुठून उपटलास?"

"आत्या, शब्द राहू दे ना. एक तास तू ही बाई हो, एवढंच."

"ही? ही बावळट?" आत्याने कागद खाली ठेवला. "अडुसष्टची झाली की बाईची अक्कल जाते, असं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कोणाला विचारलंच नाही ना! तेच तर झालंय." ढापण्या रडकुंडीला आला. "कळलं तर वर्ष जाईल गं माझं. बाबा घरात घेणार नाहीत."

"तुझा बाप काय बोलतो! तो स्वतः दोन वर्षं एकाच इयत्तेत बसला होता." आत्याने उसासा टाकला. "करते. पण चुका कशा करायच्या ते शिकव. मला सवय नाही."

मग दोन दिवस तालीम चालली. ढापण्याने तिला फोन उलटा धरायला शिकवला. ‘पुढे’ दाबायच्या जागी ‘मागे’ दाबायला शिकवलं. आत्या मन लावून शिकली आणि इतकी सफाईदारपणे चुकू लागली की ढापण्याला तिला सांगावं लागलं, "जरा अडखळत चूक ना!"

चाचणीच्या दिवशी खोलीत एक टेबल, एक कॅमेरा, एक घड्याळ आणि भिंतीलगत अख्खा वर्ग होता. परीक्षक बाई पेन उघडून बसल्या होत्या. सर आत्याकडे वाकून, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "आजी, घाबरायचं नाही हं. हाडांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायची आहे. जमेल तेवढं करा."

‘आजी’ ऐकून आत्याची भुवई वर गेली. पण तिने शब्द पाळला. फोन उलटा धरला. हात थरथरवला. "बटण दाबलं आणि काही उडालं तर?" असं म्हणाली, तेव्हा वर्गातून हलकासा उसासा आला. सरांनी बाईंकडे अभिमानाने पाहिलं. ढापण्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

आणि फोनवर पाटी उमटली: ‘आपली वेळ निच्छित होत आहे. घाबरू नका.’

आत्याचा थरथरता हात थांबला.

"निच्छित?" ती म्हणाली.

"आत्या..." ढापण्या कुजबुजला. पण चाळीस वर्षांची सवय ती. आत्याने फोन सुलटा केला, पर्समधून लाल पेन काढलं आणि सरांसमोरचा कोरा कागद ओढून घेतला.

"हे कोणी लिहिलंय? आणि हे काय, डॉक्टर कोण ते विचारायच्या आधी तारीख विचारता? तो त्या दिवशी नसला तर?" तिची बोटं भराभर चालत होती. "वेळ घेतली. आता रद्द करून बघते. इथे दोन बटणं आहेत, ‘रद्द’ आणि ‘रद्द करणे रद्द’. माणसाने काय डोकं धरून बसायचं? झालं रद्द. पुन्हा घेतली. आणि तीनदा ‘घाबरू नका’ वाचल्यावर आता मला खरंच भीती वाटायला लागलीय."

घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते. कागदावर अकरा चुका होत्या, क्रमवार, समासात खुणा करून.

परीक्षक बाईंनी भिंतीवरचा कागद वाचला, मग आत्याकडे पाहिलं. "सर, या बाई श्रीमती ‘क’सारख्या वागत नाहीत."

"मुळीच नाही," सर म्हणाले. "अपवाद आहे. एवढ्या माणसांत एखादी अशी निघते. पद्धतीप्रमाणे तिला वगळायचं."

ढापण्याला राहवलं नाही. तो उभा राहिला. "सर, श्रीमती ‘क’ नाहीच आहे."

"तेच म्हणतोय ना आम्ही. या श्रीमती ‘क’ नाहीतच."

"तसं नाही सर. ती कुठेच नाही. मी तिला बनवली."

"अरे, पर्सोना बनवलेलाच असतो! टप्पा तीन."

"पण मनाने बनवली सर! मी कोणाशी बोललोच नाही!"

"मनापासून बनवली म्हणून तर जिवंत उतरली. बैस खाली." सर बाईंकडे वळले. "फार प्रामाणिक पोरगा आहे. स्वतःच्या कामाबद्दलही शंका घेतो."

बाईंनी मान डोलावली आणि गुण मांडले. पर्सोना: वीसपैकी एकोणीस. चाचणीसाठी माणूस निवडणे: वीसपैकी तीन. खाली शेरा लिहिला, की पुढच्या शुक्रवारी योग्य वापरकर्ती आणून चाचणी पुन्हा घ्यावी. अकरा चुकांचा कागद सरांनी घडी करून कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

बाहेर विभागाच्या पायऱ्यांवर आत्या बसली होती. ढापण्या तिच्या शेजारी टेकला.

"मला वगळलं म्हणे," ती म्हणाली. हसली, पण पर्सचा बंद उगाचच गुंडाळत राहिली. "चाळीस वर्षांत मी इतरांचंच वगळत आले. स्वतःला वगळलेलं पहिल्यांदा बघितलं."

"चुकलं माझं आत्या. तुला बावळट व्हायला सांगितलं, तेच चुकलं."

"ते झालंच. पण तुला मुळात विचारायचं काय होतं? ते तरी विचार आता."

ढापण्याने दप्तर उपसलं. तळाशी मुलाखतीचा तक्ता होता, कोरा करकरीत. त्याने घसा साफ केला आणि पहिला प्रश्न वाचला. "दवाखान्याची वेळ घेताना तुम्हाला कोणती अडचण येते? अक्षरं लहान, पासवर्ड विसरतो, की नेट नसतं?"

"अडचण कसली? मी वेळ घेतच नाही. दर गुरुवारी जाऊन रांगेत बसते."

"दर गुरुवारी? गुडघा एवढा दुखतो?"

"गुडघा बरा होऊन दोन वर्षं झाली."

"मग डॉक्टरकडे कशाला जातेस?"

"डॉक्टरकडे कोण जातं?" आत्याला त्याच्या अज्ञानाचं नवल वाटलं. "छापखान्यातल्या दोघी येतात, टपाल खात्यातले एक गृहस्थ येतात. बाकडी बरी आहेत, पंखा आहे. गप्पा होतात. आपला नंबर आला की मागच्याला म्हणायचं, तुम्ही जा पुढे, मला घाई नाही. तो दुवा देतो. आणि तुम्ही पोरं काय, ती रांग बंद करायला निघालात का?"

ढापण्याने पेन उघडून तक्त्यात जागा शोधली. तीन चौकोन होते. एकातही हे मावत नव्हतं.

"आत्या," तो तक्ता बाजूला ठेवत म्हणाला, "या गुरुवारी मी येऊ तुझ्याबरोबर? त्यांच्याशीही बोलतो."

"ये की. पण लवकर ये हं," आत्या उठत म्हणाली. "उशीर झाला की आपल्यामागे कोणी उरत नाही. मग डॉक्टरांना भेटावं लागतं."