पितळी कडी आणि हल्लीचं दार

आमच्या घरात टिकाऊ अशा दोनच गोष्टी आहेत. एक मी आणि दुसरी माझी पितळी कडी! बाकी सगळा हल्लीचा माल. बादली आणली, पंधरा दिवसांत तिचा कान तुटला. झाडू आणला, तर घर झाडून झालं की त्या झाडूचा कचरा झाडायला दुसरा झाडू लागतो! मी चौथीपुढे शाळा पाहिली नाही, पण वस्तू हातात घेतली की ती किती दिवसांची सोबती आहे ते सांगते.

या नव्या घरात आलो आणि आठव्याच दिवशी न्हाणीघराची कडी माझ्या हातात आली. स्क्रू बघाल तर मुंगीच्या पायाएवढे! मी तडक ट्रंकेतून माझी पितळी कडी काढली. जुनं घर सोडताना दारावरून उपसून आणली होती. समोरच्या सुताराला हाक मारली.

"अशी बसव, की हत्तीनं धडक दिली तरी हलता कामा नये!"

"आजी, न्हाणीघरात हत्ती कशाला येईल?"

"तू बसव!"

माझा खांदा वर जात नाही, म्हणून कडी कमरेच्या उंचीवर लावून घेतली. शिवाय रोज तेलाचं बोट. ढकलली की लोण्यासारखी सरकायची. उघडताना मात्र मूठ वर उचलून ओढावी लागे. सून म्हणाली, "आई, जरा उंच बसवू या ना. भिंगरीचा हात पोचतो तिथं." भिंगरी म्हणजे आमची साडेतीन वर्षांची नात. एका जागी बसेल तर शपथ!

"तुम्हाला जुन्या वस्तूंचं वावडंच आहे," असं म्हणून मी सुनेला गप्प केलं.

परवा सकाळी मुलगा कामावर गेला होता. सून गॅलरीत कपडे वाळत घालत होती, आमचे हे पेपरात तोंड खुपसून बसले होते आणि मी भाजी चिरत होते. तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला, सटाक!

"आजी, मी कडी लावली!"

"शाब्बास गं माझी बाय!" मी म्हटलं. आणि मग माझ्या हातातली सुरीच गळाली.

तिघंही दारापाशी धावलो. मी दाराला तोंड लावून ओरडले, "भिंगरे, मूठ उचल आणि ओढ! जोरात ओढ!"

आतून कुंथल्याचा आवाज आला. मग कट्!

"आजी, निघाली!"

आम्ही टाळ्या वाजवल्या! हे तर मला म्हणाले, "बघ, उगाच घर डोक्यावर घेतलंस." एवढ्यात दाराखालून पाणी आलं. कार्टीनं कडीची नाही, नळाची मूठ ओढली होती! नळ हल्लीचा. मूठ तिच्या हातात आणि धार भसाभसा जमिनीवर!

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, बाहेरचा मोठा नळ बंद करा!"

हे गेले तसे परत आले. त्यांच्याही हातात मूठ. "अगं, मी नुसता हात लावला!"

आमचा आरडाओरडा ऐकून समोरचा सुतार एका पायात चप्पल घालून धावत आला. बाहेरून त्यानं दार गदागदा हलवलं, आतली कडी तसूभर हलेना, तेव्हा खूश होऊन म्हणाला, "आजी, काम चोख झालंय हां!"

"मेल्या, कौतुक नंतर कर! उघड!"

"उघडू कसं? स्क्रू आतून आहेत. हत्ती तुम्हीच म्हणाला होता."

त्यानं फटीत पटाशी घातली. पटाशीची मूठ दुभंगली. "हल्लीचा माल," तो तोंड पाडून म्हणाला. मग त्यानं कडीजवळ खांदा लावला, ह्यांनी सुताराला खांदा लावला. कडी हूं की चूं नाही!

आणि आत काहीतरी धाडकन पडलं. मग पाण्याच्या आवाजाशिवाय काहीच नाही.

"भिंगरे? अगं बोल ना!"

उत्तर नाही. ज्या कडीचा जन्मभर तोरा मिरवला, तिलाच मी म्हटलं, "बाई गं, पाया पडते तुझ्या. मोड! आजच्या दिवस मोड!"

"सरका सगळे!" सून म्हणाली.

आता ही माझी सून म्हणजे वाळत घातलेली काठी. चार पावलं मागं गेली, ओढणी कमरेला खोचली आणि सुसाट आली! कडी तशीच ताठ. सून मात्र दाराच्या मधोमध घुसली, थेट कमरेपर्यंत! इतके दिवस आम्ही ज्याला दार म्हणत होतो, ते दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये पुठ्ठा! आणि अख्खी सकाळ आम्ही त्याच्या कडीशी झुंजत होतो!

धड आत, पाय बाहेर. पाण्याच्या आवाजातून बारीकसा प्रश्न आला, "आई, तू दार घातलंस?"

आम्ही रडलो की हसलो, आठवत नाही. पोर उपड्या बादलीवर पाय वर घेऊन बसली होती. भिंतीवरचं फडताळ निखळून पडलं होतं, ब्रश पोहत होते. ओरडा बसेल म्हणून बाईसाहेब गप्प! सुनेनं आतून कडी काढली. मी नातीची बोटं मोजली. दहा. पुन्हा मोजली, दहाच. मग सुनेचीही मोजली. ती म्हणाली, "आई, मी ठीक आहे." मी तरीही मोजली. आणि ते पुठ्ठ्याचं दार ज्यानं कुणी केलं असेल त्याला, आयुष्यात पहिल्यांदाच, तोंड भरून आशीर्वाद दिला!

दुसऱ्या दिवशी नवं दार घ्यायला दुकानात गेलो. निवड माझीच, हे ठरलेलं. दुकानदारानं एक दार थोपटून दाखवलं. "मावशी, अस्सल लाकूड! सात पिढ्या हलायचं नाही!"

मुलगा आणि सून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी दारावर बोटानं टकटक केली. ओळखीचं कुणी आसपास नाही ना, ते पाहून घेतलं आणि हळूच विचारलं,

"यापेक्षा जरा तकलादू नाही का हो?"