भुरीबद्दलचं मत

सतीशला सिनेमा आवडला नाही, इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. आवडला नाही हे त्यानं त्रेचाळीस माणसांना सांगितलं, तिथून सगळं बिघडलं.

ही त्रेचाळीस माणसं म्हणजे 'पहिला शो, दौंड' हा व्हॉट्सॲपवरचा ग्रुप. कुणी रेल्वेत, कुणी शाळेवर, कुणी दुकानदार, पण सगळे सिनेमाचे किडे. शुक्रवारी सिनेमा बघायचा आणि शनिवारी दुपारच्या आत व्हॉइस नोट पाठवून आपलं मत द्यायचं. नियम कडक होते. 'बरा हाय' असलं मिळमिळीत बोलायचं नाही. सिनेमातलं काय कापून टाकावं ते सांगायचंच, याला कात्री लावणं म्हणायचे. आणि एकदा दिलेलं मत बदललं तर ग्रुपमधून बाहेर. हे नियम केले होते गोकुळनं. तो स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करायचा, आणि नियमाच्या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकायचा नाही.

सतीश रेल्वेत सिग्नल खात्यात होता. तिथं दिवसभर कुणाशी बोलायला मिळत नाही, म्हणून आठवड्याचं साठलेलं तो शनिवारी बोलून घ्यायचा. त्या शनिवारी सकाळी तर गडी भलताच रंगात आला होता. सिनेमा मेंढपाळाचा. पोराच्या शिक्षणापायी एक म्हातारा आपली लाडकी मेंढी विकतो आणि रडतो, अशी गोष्ट.

"म्हातारा चार मिनिटं रडतोय," सतीशनं फोनला सांगितलं. "म्या घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटांत त्वांडावरची रेघ हालत न्हाई. रडतोय का उन्हाला बघतोय तेच कळंना. त्या म्हाताऱ्याला कात्री लावा, सिनेमा आपोआप सुधरंल."

दहा मिनिटांत गोकुळचा फोन आला.

"उद्या निमोण्याला सुपारी फोडायला चाललाय ना तू? पोरीच्या आजाचं नाव काय?"

"तात्याबा. का रं?"

"त्यो म्हातारा त्योच हाय."

सतीशनं फोन ठेवला. राजश्रीला बघायला तो दोन महिन्यांपूर्वी निमोण्याला गेला होता, तेव्हा तात्याबा मेंढरं घेऊन मांडवगण फराट्याकडं गेलेले. त्यामुळं त्यांचं तोंड यानं पाहिलंच नव्हतं. राजश्री मात्र पाहिली होती. हल्ली कुठला सिनेमा बघितला, असं तिनं त्याला विचारलं आणि तो सांगायच्या आधी त्या सिनेमातल्या तीन चुका स्वतःच सांगितल्या. सतीश तिथंच संपला होता. आता ही मुलगी सोडून दुसरीशी लग्न करणं त्याला शक्य नव्हतं. आणि त्या घरात वडील, चुलते कितीही असले तरी शेवटचा शब्द तात्याबांचा.

त्यानं घाईघाईनं ती नोट पुसायला घेतली. फोन विचारत होता, सगळ्यांसाठी पुसू का फक्त तुमच्यासाठी? सतीशचा अंगठा नको तिथं टेकला. नोट त्याच्या एकट्याच्या फोनातून गेली. बाकी सगळ्यांकडं ती ठणठणीत होती, आणि आता ती पुसायला याच्याकडं काही उरलं नव्हतं.

त्यानं गोकुळचे पाय धरले. गोकुळ ॲडमिन, त्यानं ती सगळ्यांकडून पुसली. मग अंमळ खाकरून म्हणाला, की एक भानगड झालीय. गोकुळची सासुरवाडी निमोणे. मेव्हण्यानं विचारलं होतं, आमच्या गावच्या सिनेमाला दौंडकर काय म्हणतात ते धाड. म्हणून त्यानं ती नोट आल्या आल्या धाडून दिली होती, आणि म्हातारा कोण ते मेव्हण्यानंच उलट फोन करून सांगितलं होतं.

"ऐकली न्हाईस आधी?"

"तीन मिनिटांची हुती. गिऱ्हाईक हुबं हुतं."

सतीशनं राजश्रीला फोन लावला. ती सांगू लागली, की सोयरीक पक्की होईपर्यंत सिनेमाचं कुणी बोलायचं नाही असं आप्पांनीच, म्हणजे तात्याबांनीच, बजावलं होतं. म्हातारपणी तोंडाला रंग फासला म्हणून पावणे हसतील, ही त्यांना धास्ती. आता आप्पांनी ती नोट ऐकली की नाही ते तिला ठाऊक नव्हतं, पण सकाळपासून ते कुणाशी बोलले नव्हते.

"तुम्ही आता काही करू नका," ती म्हणाली. "एक शब्द बोलू नका."

बायकोचं ऐकायची सवय लग्नाआधी कुठून असणार? सतीशनं तासाभरात ग्रुपवर दुसरी नोट टाकली. मघाशी आपली गफलत झाली. म्हाताऱ्यानं जीव ओतलाय, असा नट दौंड-शिरूर पट्ट्यात झाला नाही. पण म्हाताऱ्याची चूक नाही तर कुणाची, हे सांगणं भाग होतं, कारण कात्री लावल्याशिवाय मत पुरं होत नाही. म्हणून तो पुढं म्हणाला, "समदा घोळ मेंढीनं घातलाय. गिऱ्हाईक तिला घिऊन चाललंय, आन् ती आपली सारखी कॅमेऱ्याकडं बघतीय. असलं जनावर संगं असल्यावर चांगला माणूस तरी काय करंल? कात्री लावायची तर मेंढीला लावा."

हीसुद्धा त्याच वाटेनं निमोण्याला धाड, अशी त्यानं गोकुळला गळ घातली. गोकुळनं धाडली. मत बदललं म्हणून सतीशला बाहेरच काढायचं होतं, पण उद्या सुपारी आहे हे बघून त्यानं पहिली चूक माफ केली. पुन्हा बदललं तर मात्र दयामाया नाही, असं बजावून ठेवलं.

रविवारी सतीश, त्याची आई गिताबाई आणि चार पावणे निमोण्याला पोचले. गिताबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. लेकाला घाम का फुटतोय ते त्यांना कळेना. नवरदेव लाजतोय, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं.

अंगणात तात्याबा बाजेवर बसले होते. तांबडा फेटा, पांढऱ्या मिशा, आणि पडद्यावर होता तोच चेहरा. रेघही हलत नव्हती. सतीश पाया पडला. चहा झाला. मग तात्याबांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, आणि वीस-पंचवीस माणसांदेखत अंगणात सतीशचा आवाज घुमू लागला. म्हातारा चार मिनिटं रडतोय. गिताबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"हे तुझंच?" तात्याबांनी विचारलं.

"व्हय आप्पा."

"खरं बोललास. म्या त्या डायरेक्टरला सांगितलं हुतं, मला रडाय येत न्हाई. त्यानं डोळ्यांत कसलंतरी पानी सोडलं."

सतीशला वाटलं, सुटलो. तोवर तात्याबांनी दुसरी नोट लावली. मेंढीला कात्री लावा, हे ऐकू आलं आणि अंगणातल्या सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. तिथं मेंढरांच्या वाड्याच्या जाळीपाशी बांधलेली एक मातकट रंगाची मेंढी पाला खात होती.

"माझं ऱ्हाऊ दे," तात्याबा म्हणाले. "पर भुरीनं तुझं काय घोडं मारलं हुतं?"

"ती कॅमेऱ्याकडं..." सतीश चाचरला.

"ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या मागं मी हुबा हुतो. परका माणूस दावं लावून वढाय लागल्यावर ती आनखी कुनाकडं बघंल?"

सतीशनं भुरीकडं पाहिलं. इतका वेळ तो लग्नाच्या काळजीनं अर्धा झाला होता, पण आता त्याला खरोखरच वाईट वाटलं. सबंध सिनेमात खरं वागलेलं तेवढं एकच जनावर, आणि आपण नेमकं त्यालाच धरलं. त्यानं फोन काढला आणि सगळ्यांसमोर तिसरी नोट करून ग्रुपवर टाकली. मेंढीबद्दल आपण जे बोललो ते चूक होतं, सिनेमात तिच्याइतकं खरं कुणी नाही, कात्री कुणाला लावायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

मिनिटभरात फोन वाजला. सतीशचं तोंड आणखी पडलं.

"आता काय झालं?" तात्याबांनी विचारलं.

"ग्रुपातनं काढलं मला. दोनदा मत बदललं म्हनून."

"मंग का बदलत हुतास?"

इथं काहीतरी बरं बोलावं म्हणून गिताबाईंनी पदराआडून खूप खाणाखुणा केल्या. पण सतीशकडं आता बरं बोलायला काही शिल्लक नव्हतं.

"भ्यालो, आप्पा."

"मला?"

"तुम्हाला बी. पर जास्त ह्याला, की राजश्री हातची जाईल."

दारात उभी असलेली राजश्री झटकन आत वळली. तात्याबा मिशांवरून हात फिरवू लागले. पावणे एकमेकांकडं बघू लागले. गाडीवाल्याला निरोप द्यावा का, असं एकानं हळूच विचारलंही.

"ह्याच्या आधी दोन पोरं यिऊन गेली," अखेर तात्याबा म्हणाले. "येक म्हनला मी कुनाच्या बापाला भीत न्हाई. दुसरा बोलला न्हाई, पर तसंच बसला हुता. दोगांना बी म्या वाटंला लावलं. ज्याला कशाचंच भ्या न्हाई, त्येच्या घरात बाईमाणसानं नांदायचं कसं?"

गिताबाईंनी कपबशी पुन्हा हातात घेतली.

"भितं ते पोरगं बरं," तात्याबा सगळ्यांना समजावून सांगू लागले. "आता आमच्यात मी कुनाला भीत न्हाई, ही गोष्ट येगळी. पर समद्यांना काय ते..."

"अवो," आतून तात्याबांच्या बायकोचा, कस्तुराबाईंचा आवाज आला, "तुमचा सिनेमा झाला आसंल तर सुपारी..."

फोडताय का, हे त्यांनी पुढं विचारलं. पण तोवर तात्याबा बाजेवरून उठून सुपारी शोधायला लागले होते.