माळावरचं तळं

बाळांनो, जरा सरकून बसा. एका जंगलात मुलूख दोन होते, पण सिंह एकच.

नदीकाठी फळफळावळ मुबलक. तिथून सिंहाच्या कोठारात कर म्हणून दहा टोपल्या जात आणि पाच परत येत. माळ उजाड. तिथून दोन टोपल्या जात आणि सहा परत येत. उरलेली एक कुठे जाई, ते मोठ्यांना विचारायचं नसतं.

त्या सहा टोपल्यांच्या मजुरीवर हत्ती दरवर्षी माळावरच्या तळ्यातला गाळ काढत.

काटेराव साळिंदर माळाचा पुढारी. तळ्याचं पाणी पिऊन गळा ओला करायचा आणि गरजायचा, "राबायचं आपण आणि खायचं नदीकाठच्यांनी! कर बंद करा!"

त्याची बायको सायाबाई एकदा म्हणाली, "अहो, आपण दोन देतो नि सहा घेतो. गप्प बसलेलं बरं."

"तू माळाची की नदीकाठची?" काटेराव फिस्कारला. तिने पुन्हा विषय काढला नाही.

शेवटी सिंह कंटाळला. "बरं बाबा. ज्याचं त्याला!"

माळावर गुलाल उधळला.

पुढच्या वर्षी हत्ती फिरकले नाहीत. तळं गाळाने भरलं. उन्हाळ्यात नुसता चिखल. धाकट्या पिल्लाची जीभ कोरडी पडली, तशी सायाबाई पोकळ भोपळा घेऊन सहा कोस चालत नदीकाठी गेली.

तिथली पाणमांजरं आजवर म्हणायची, "सगळं जंगल एकच घर!" आता दहाही टोपल्या घरात राहिल्यावर त्यांनी कुंपण घातलं होतं.

"तुमच्यासाठी फार जीव तुटतो हो, वहिनी," कुंपणाआडून एक म्हातारं पाणमांजर म्हणालं. "उद्या मूक मोर्चा काढतोय आम्ही."

"मोर्चा राहू दे, भाऊ. पाणी द्या."

कुणी पाहत नाहीसं बघून त्याने भोपळा भरून दिला.

ती परतली तेव्हा माळावर सभा रंगली होती. काटेरावाचा घसा बसला होता. तिने पिल्लाला दोन घोट पाजले, तोच काटेरावाने भोपळा ओढून घेतला आणि घटाघटा रिकामा केला. आवाज खणखणीत झाला.

"पाहिलंत? नदीकाठच्यांनी आपलं तळंसुद्धा पळवलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सायाबाईने भोपळा उपडा करून पाहिला. एक थेंब निघाला, तो तिने पिल्लाच्या जिभेवर सोडला.

काटेराव बिनविरोध निवडून आला.

तात्पर्य : तहान लागल्यावर विहीर खणू नये. शेजाऱ्याकडे बोट दाखवावं. त्याला खोदकाम लागत नाही.