अभनपुरची पिसू

"रायपूर राजधानी झालं, आता भोपाळले वापस कोण जाते जी?" असं यशवंतराव रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात भेटेल त्याला ऐकवत. आरोग्य खात्यात त्यांचं काम पिसवा धरायचं. नव्या राज्याला पिसू विभाग हवाच, एवढं मोठ्या साहेबांना पटलं की यशवंतरावांची बदली टळणार होती. नाहीतर भोपाळ ठरलेलं, आणि इकडे त्यांच्या पत्नी पद्मिनीबाई माहेराजवळ घर मिळालं म्हणून हरखून गेल्या होत्या.

ऑफिसला अजून इमारत नव्हती. म्हणून जवळच्या अभनपुरच्या शेतात पकडलेला रानउंदीर घरच्याच व्हरांड्यात, पिंजऱ्यात मुक्कामाला होता. पिसवांचं एक घराणंच असं आहे की ते रानउंदरावरच नांदतं. ते अख्खं घराणं या उंदराच्या अंगावर सुखात होतं. शेजारी धास्तावले तेव्हा यशवंतरावांनी छाती पुढं काढून सांगितलं, की या पिसवा माणसाच्या वाटेला जातच नाहीत.

साहेब या पिसवा पाहायला यायच्या दिवशी त्यांनी फवारणीवाल्या तुळशीरामला व्यवस्था चोख ठेवायला बजावलं आणि स्वतः मिठाई आणायला गेले. आता, या खात्यात मोठा साहेब येणार म्हटलं की चोख व्यवस्था एकच! तुळशीरामनं पंप पाठीला लावला आणि अंगण, व्हरांडा, पिंजरा, उंदीर, सगळं इमानेइतबारे फवारून काढलं. यशवंतराव परतले तेव्हा उंदीर शिंकत होता आणि पिसवा तळाशी मरून पडल्या होत्या.

"पिंजऱ्यावर काहून मारलं रे?"

"साहेब येऊन राहिले नं जी. एखादी पिसू दिसली असती तर?"

तेवढ्यात गल्लीतला कुत्रा फाटकाशी येऊन कराकरा अंग खाजवू लागला. यशवंतरावांचे डोळे लकाकले. त्यांनी घाईघाईनं उंदराला आंघोळ घातली, पिंजरा बदलला आणि पद्मिनीबाईंची फणी घेऊन कुत्रा विंचरायला घेतला. फणीवरून पद्मिनीबाईंनी जे तोंड सोडलं, ते साहेबांची गाडी दारात थांबल्यावरच मिटलं. तोवर कुत्र्याच्या पिसवा उंदरावर चढल्या होत्या.

पण उंदीर त्यांना काही रुचला नाही. साहेब पिंजऱ्यावर वाकले आणि पिसवांना चांगला गुटगुटीत पाहुणा मिळाला. साहेबांनी आधी मान खाजवली, मग कंबर, मग मिठाईची बशी खाली ठेवून दोन्ही हातांनी जमेल तिथं. यशवंतरावांच्या डोळ्यांपुढे भोपाळचं स्टेशन उभं राहिलं.

साहेब मात्र आनंदानं थरथरत होते. "यशवंतराव, जंगली चूहे का पिस्सू आदमी को काट रहा है! ये तो नई खोज है!"

विभाग उभ्या उभ्या मंजूर झाला. यशवंतराव प्रमुख झाले, रायपुरात कायम झाले. पहिलं काम साहेबांनी जाता जाता सांगितलं: माणसाला चावणाऱ्या याच पिसवा बाटलीभर गोळा करून दिल्लीला पाठवायच्या.

कुत्र्याची पिसू दिल्लीवाले लगेच ओळखतील, म्हणून तेव्हापासून यशवंतराव रोज डबा घेऊन अभनपुरला जातात, बांधावर बसून एकेक रानउंदीर विंचरतात आणि बाही वर सारून पिसवांपुढे आपला हात धरतात. अजून एकीनंही तोंड लावलेलं नाही.