नानांचा सोलर बंब आणि माझं विज्ञान

आमच्या जळगावच्या गल्लीतला पाणी तापवायचा पहिला सोलर बंब शेजारच्या नानांच्या गच्चीवर बसला, आणि त्या दिवसापासून नाना स्वतःचं तोंड धुण्याआधी बंबाची काच धुऊ लागले. डाळ मिलचा भुसा काचेवर उडतो म्हणून त्यांनी वाऱ्याशीही वैर धरलं होतं. काच लखलखली की कठड्यावरून मला ऐकवायचे, "ऊन फुकट शे मास्तर, पन आळशी माणूसले नही." मी तेव्हा अंथरुणात असे.

एका माघात पुतण्याच्या लग्नाला त्यांना धुळ्याला जावं लागलं. त्यांच्या बायकोचे, अक्कांचे, गुडघे एसटीला राजी नव्हते. बंब नानांनी माझ्या हवाली केला, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो. सकाळी अक्कांना कढत पाणी मिळालं पाहिजे, हे त्यांनी तीनदा बजावलं.

दुपारी गारपीट झाली. गच्चीवर जाऊन पाहतो तर काचेवर गारांचा बोटभर थर, पण काच शाबूत. गारा आपोआप वितळल्या असत्या, हे सातवीतल्या ढ पोरालाही कळलं असतं. मी घरून पातेलंभर उकळतं पाणी आणून ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हा धडा मी बारा वर्षं शिकवतोय.

मुक्काम न करता नाना संध्याकाळीच परतले. गारांनी फुटली, मी म्हणालो. नानांनी बंबाशेजारी राहिलेल्या माझ्या पातेल्याकडे पाहिलं.

"अन् हाई पातेलं? हाई बी आभाळमाईन पडनं का?"

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. अक्कांना कळलंय का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, "मंग सांगू नको."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी माफी मागायला गच्चीवर गेलो. नाना तीन विटा मांडून, कपाशीच्या पऱ्हाट्या जाळून पाणी तापवत होते. डोळे धुराने लाल. खाली स्टोव्ह असताना हे कशाला, मी विचारलं.

स्टोव्हचा भडका उडून अक्कांचे हात भाजले होते, त्यांनी हळू आवाजात सांगितलं. चार वर्षं झाली. तेव्हापासून जाळ दिसला तरी त्या थरथरतात. स्वयंपाकही नाना त्या उठायच्या आत उरकतात. आणि आम्ही गल्लीभर त्यांना सोलरवेडे म्हणत होतो.

खालून अक्कांची हाक आली, "पानी तापनं का हो?"

"तापनं, तापनं. कालनं ऊन कडक व्हतं."

काल दिवसभर आभाळ होतं. धूर जिन्याकडे वळू लागला, तशी मी अंगावरची शाल काढली आणि जिन्याच्या दारात आडवी धरून उभा राहिलो.