वामीचा ना-हरकत दाखला

कोंडसर बंदरातल्या एका वामीने सगुण मेथराच्या खडपावर धंदा टाकण्यासाठी ना-हरकत दाखला मागितला, ही गोष्ट मी शेवटची सांगतो आहे. वाचनालयवाल्यांनी तीनदा माणूस धाडला. चौथ्यांदा धाडला तर मी दार उघडणार नाही.

वाम म्हणजे तीच, सापासारखी लांब, दगडाच्या कपारीत राहणारी मासळी. आणि खडप म्हणजे पाण्याखालचा खडक, जिथे मासा थांबतो. सगुणाचं खडप त्याच्या आजाला सापडलेलं. जमिनीवरच्या दोन गोष्टी होडीतून एका रेषेत दिसल्या की खाली खडप, ही त्याची खूण. आजाने ती मरताना बापाला सांगितली, बापाने मरताना सगुणाला. बाकी कुणी विचारलं तर तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, खोटी खूण सांगतो. आमच्याकडे यात पाप नाही. खरी सांगणाऱ्यालाच लोक वेडा म्हणतात.

सहा वर्षांमागे संशोधनवाल्यांनी समुद्राच्या तळाला तारांचं जाळं अंथरलं. दर कोसावर एक कान. पाणी किती गरम, ओढ कुठली, कोण आलं, कोण गेलं, सगळं किनाऱ्यावरच्या सागरतळ कचेरीत ऐकू येऊ लागलं. असं काही आलं की मागून धंदा येतोच. तारांवरची कालवं खरवडायचा ठेका खेकड्यांनी घेतला. कचेरीला शाई पुरवायचं काम पोटात शाई बाळगणाऱ्या म्हाकुलाकडे गेलं. कामं वेळेवर होत होती, तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग वामीचा अर्ज आला. तळावर फिरणाऱ्या कचेरीच्या यंत्रांना टेकायला जागा, लांबून येणाऱ्या माशांना उतरायची सोय, आणि धंद्याच्या हद्दीत होडी-जाळ्याला मनाई. खाली तिने इमानदारीने लिहिलं होतं की या जागी श्री. सगुण मेथर यांचा वावर आहे, त्यांची हरकत ऐकून घ्यावी. त्याप्रमाणे सगुणाला नोटीस आली. सुनावणीला येऊन आपल्या तोंडाने जागा सांगावी, म्हणजे वहिवाट लिहिली जाईल आणि त्याच्या सहीशिवाय वामीला तिथे शेपूटही हलवता येणार नाही.

सगुणाने नोटीस दोनदा वाचून घेतली. ते खडप गेलं तर त्याच्या एवढ्याशा होडीला दुसरीकडे मासा नव्हता. लांबच्या पाण्यात जायचं त्याचं वय राहिलं नव्हतं.

"माझ्या आजाचा खडप ता," तो बायकोला म्हणाला. "वामीक कसलो दाखलो?"

"मगे जावन तसा सांग," द्रौपदी म्हणाली. "तोंड आसा मां तुका?"

सुनावणी मच्छीमार सोसायटीच्या हॉलात ठेवली होती. बंदरातले सगळे तांडेल आले, पन्नासेक असतील. पुढच्याच बाकावर सगुणाचा मेव्हणा, द्रौपदीचा धाकटा भाऊ बाबल धुरी, पानाची पिंक आवरत बसला होता. वाम निळ्या टपात होती. टपाखाली कुणीतरी जुनं वर्तमानपत्र अंथरलं होतं.

"अर्जदारीणीक खुर्ची देवा रे," मागून एकजण म्हणाला.

"ती बसतली खय? तुझ्या मांडयेर?"

कचेरीच्या नाईकवाडे बाईंनी चष्मा लावला तसे सगळे गप्प झाले. "मेथर, तुमचं खडप कुठे आहे?"

सगुण उठला. मागे पन्नास तांडेल कान टवकारून बसलेले त्याला न बघताच कळत होते. "देवळाचो कळस आणि सड्यावरचो वड," तो म्हणाला. "दोनय एका रेषेत इले, की खाली माझा खडप."

"नक्की?"

"माझ्या आजान दाखवलेला."

"मेथर, तुम्ही सांगाल तीच जागा तुमच्या नावावर लिहिली जाईल. दुसरी नाही. पुन्हा विचारते."

"लिवा," सगुण म्हणाला. सुनावणी संपली की बाईंना बाजूला घेऊन खरं काय ते कानात सांगायचं, असा त्याचा बेत होता. बाईंनी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद फायलीत घातला.

वामीने टपाच्या कडेवर डोकं टेकवलं. "माननीय महोदया, मेथरांनी सांगितलेल्या जागी वाळू आहे. मी स्वतः पाहून आले आहे. माझा अर्ज निराळ्या जागेचा आहे." आणि तिने खरी खूण सांगितली. ती मी इथे लिहीत नाही. लिहिली तरी खोटीच लिहीन.

 सगुणाच्या तीन पिढ्यांची गोष्ट टपातून बाहेर पडली होती. आता हे पन्नास जण खूण घोकतील म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. कुणी घोकत नव्हतं. कुणी पुढे वाकलंही नव्हतं. एक तांडेल नखं कुरतडत होता. जे पाठ असतं ते ऐकताना माणूस बसतो, तसे ते बसले होते.

"त्या जागी आणखी कुणाचा वावर?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांचाच," वाम म्हणाली. "वार ठरलेले आहेत. मेथर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. बुधवार चौदा वर्षं बाबल धुरींचा. आधीची आठ माझ्या आईने सांगितलेली, पुढची सहा तारांवरच्या कानांत नोंदलेली आहेत."

बाईंनी कानांतली नोंद वाजवायचं बटण दाबलं. आधी वल्ह्याचा आवाज आला, मग बाबलचा. "हळू मार रे. भावजीक कळता नये."

"धुरी, हे तुम्ही?"

"मी?" बाबल उठून म्हणाला. "मी थय कधीच गेलंय नाय."

"मग आवाज?"

"वाऱ्याचो आसात."

बाईंनी एकेकाला विचारलं. पन्नासही जण म्हणाले, आम्ही तिथे कधी गेलोच नाही. त्यामुळे त्या जागेवर माणसाची वहिवाट नाही असं लिहिलं गेलं, आणि वामीला दाखला मिळाला. सगुणाने बाईंना दारात गाठलं. त्या म्हणाल्या, "आता काय उपयोग? शिक्का झाला."

घरी येऊन तो ओटीवर बसला. पाणीसुद्धा मागितलं नाही.

"बाबल थय जाय," तो म्हणाला. "चौदा वर्सां."

द्रौपदी भाकरी थापत होती. "म्हायत आसा."

"तुका म्हायत होता?"

"बुधवारचो हेकरू मासो खयसून येय घरात? ह्यो विचार तू कधी केलंस? जेवताना बरो लागलो मां?"

सगुणाने जेवणाचं ताट घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी घेतलं.

आता वामीचा धंदा नीट चालतो. रात्रंदिवस यंत्रं येतात, मासे उतरतात, आणि हद्दीत होडी शिरत नाही. सगुण मंगळवारी आणि शुक्रवारी कळस आणि वडाच्या रेषेत जातो, कारण ती वाळू कायद्याने त्याची आहे. जाळं टाकतो, ओढतो, झटकतो. एकदोन खुबे, म्हणजे शिंपले, मिळतात. वाम एकदा वर, होडीशी येऊन बोलली, झाल्या प्रकाराबद्दल तिला वाईट वाटतं म्हणाली. नाईकवाडे बाईंनी दिलगिरीचं पत्र धाडलं. पन्नासातले तांडेल एकेक करून कधी ना कधी ओटीवर येऊन मान खाली घालून बसून गेले. आला नाही तो एकच, बाबल धुरी.